तेल दिसतं तिथून येत नाही

काशिनाथ घरत हा माणूस एका जागी दोन मिनिटं उभा राहिलेला मी क्वचितच पाहिला. बसलेला तर नाहीच नाही. तुर्भ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं काउंटरवर आहे. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, तक्रार मला सांगतं, मी जॉबकार्ड बनवते, आणि संध्याकाळी गाडी परत देताना बोलणीही मीच खाते. या नऊ वर्षांत हुशार मेकॅनिक मी पुष्कळ पाहिले. पण आपल्या हुशारीचा एवढा त्रास स्वतःला करून घेणारा हा एकच. गेल्या वर्षी एका टर्बोच्या गळतीपायी या माणसाने दुसऱ्या एकाची नोकरी वाचवली आणि स्वतःची घालवली. त्याबद्दल लिहायचं म्हणून मी बसले आहे, आणि चार वेळा उठून पाणी पिऊन आले आहे.

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे घरतदादा म्हणायचे. आमचे वर्क्स मॅनेजरसाहेब मेकॅनिकांना नावाने हाक मारत नाहीत, 'ए सहा नंबर बे' असं म्हणतात; तेसुद्धा यांना दादाच म्हणत. काटकुळे, सावळे, पंचावन्नच्या पुढचे. शर्टाच्या खिशात पेनाएवढी टॉर्च, मागच्या खिशात फडका. हा फडका त्यांच्या हातात आपोआप यायचा. काउंटरवर काही विचारायला आले की बोलता बोलता माझा कीबोर्ड पुसायचे, मग टेबलाची कड, मग ग्राहकांसाठी ठेवलेली गणपतीची छोटी मूर्ती. एकदा एका बाईंनी चष्मा काढून समोर ठेवला तर तोही पुसून दिला. त्याच्यावर ग्रीसचा डाग पडला तो वेगळाच.

डबा ते चालत खायचे. तांदळाची भाकरी, तिच्यात सुकट, गुंडाळी करून हातात, आणि लिफ्टवर चढवलेल्या गाडीभोवती फेऱ्या. मी एकदा म्हटलं, दादा, निदान जेवताना तरी बसा. तर म्हणाले, "बसून जेवलं का अंगी लागतं, आनी अंगी लागलं का मानूस हलत नाय." माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला डाएटिशियनकडे जाणं बंद कर म्हणून सल्ला दिला.

आमच्याकडे तेलगळतीची गाडी आली की ती दादांच्या बेवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या जागेवर, जायची. त्यातही टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनाला जादा हवा कोंबणारा एक पंखा. तो भयंकर वेगाने फिरतो, म्हणून त्याला सतत तेल लागतं. वरून एका बारीक नळीने तेल येतं, आत फिरतं, आणि खालच्या जाड नळीने इंजिनात परत जातं. एवढं मला दादांनी जॉबकार्डाच्या पाठीवर चित्र काढून शिकवलं. वरच्या नळीला ते नळ म्हणत आणि खालच्या नळीला मोरी. टर्बोच्या आसपास तेल दिसलं की बाहेरचे गॅरेजवाले सरळ सांगतात, टर्बो गेला, नवीन टाका. दादा मात्र आधी फडका काढायचे.

"आधी पुसा," हे त्यांचं पालुपद. सगळं इंजिन धुवायचं, पुसायचं, वाळवायचं. मग खिशातून पावडरचा डबा. बाळाच्या अंगाला लावतात तीच. टर्बोवर, नळ्यांवर, जोडांवर सगळीकडे ती भुरभुरवायची आणि गाडी पामबीच रोडवर नेऊन आणायची. परत आल्यावर बॉनेट उघडलं की पांढऱ्यावर तेलाची काळी रेघ उमटलेली असे. ती रेघ धरून वर वर जायचं. सगळ्यात वरचा ओला ठिपका सापडेपर्यंत दादा कोणाशी बोलत नसत. खारघरच्या एका डॉक्टरांची गाडी अशीच 'टर्बो गेला' म्हणून आली होती. अर्धा दिवस पुसणं आणि पावडर चालली. डॉक्टर माझ्यासमोर घड्याळ बघत बसलेले, मध्येच त्यांनी काचेतून पाहिलं आणि मला विचारलं, तो माणूस माझ्या इंजिनची पूजा करतोय का? शेवटी निघालं काय, तर टर्बोच्या वर वीतभर अंतरावर इंजिनाच्या झाकणाचं रबर चिरलेलं. तेल तिथून ओघळून टर्बोवर येत होतं. टर्बो बिचारा नुसताच ओला झाला होता. डॉक्टरांना दादा म्हणाले, "तुमच्याकडं मानूस पोट धरून येतो, म्हनून तुमी लगेच पोटच कापता काय?" डॉक्टर हसले, आणि पुढे दर सर्व्हिसला त्यांनाच मागायचे.

ही पद्धत ते कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते. त्यांचं गाव उलव्याकडचं, खाडीकाठचं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून गावाला लांबलचक मातीचा बांध होता आणि तो राखायचं काम त्यांच्या वडिलांकडे. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोकं पाडतात. आतल्या बाजूला शेतात पाणी झिरपताना दिसतं, पण भोकाचं तोंड बाहेर खाडीच्या अंगाला दहा-वीस पावलं पलीकडे कुठेतरी असतं. दिसतं तिथं माती थापली तर दुसऱ्या दिवशी पाणी शेजारून येतं. म्हणून त्यांचे वडील भरतीच्या वेळी बांधावरून फेऱ्या मारत आणि काठाशी भाताचा कोंडा टाकून बघत, कोंडा कुठे ओढला जातो ते. कोंड्याची पावडर झाली, एवढाच फरक. ती शेतं, तो बांध आता कुठे आहे ते विचारू नये. विमानतळाच्या भिंतीपलीकडे हात करून ते सांगायचे, आमचं तिकरं हाय, आणि लगेच दुसरा विषय काढायचे.

पण बांध गेला तरी बांधाची धास्ती गेली नव्हती. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. त्या दिवशी दादा सकाळपासूनच बिथरलेले. पाना हातातून पडायचा, चहा अर्धा राहायचा, गेटपर्यंत जाऊन उगाच बाहेर बघून यायचे. विचारलं तर म्हणायचे, "आज उधान हाय." दादा, तुमचं शेतच राहिलं नाही तर उधाणाचं काय, असं मी एकदा चिडवलं. माझ्याकडे असे बघत राहिले की मला चिडवल्याची लाज वाटली.

त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही वर्कशॉपवाले उलव्याला गेलो होतो. हॉलमध्ये बँड वाजतोय, बायका नटूनथटून, जेवणावळ मोठी, आणि मुलीचा बाप गायब. मुलीच्या आईने मला पाहिलं आणि ओळखदेख नसताना म्हणाली, "तुमी त्यांच्या हापिसातल्या ना? बगा जरा खाली पार्किंगमधी." खरंच तिथे होते. पांढरा शर्ट, खांद्यावर शाल, आणि पाहुण्यांच्या गाड्यांखाली टॉर्च मारत चालले होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, ही ग्रे कोनाची? पाठच्या आठवड्यात कुनीतरी तिचं तेल बदललंय, आनी खालचा बोल्ट नीट आवलला नाय." गाडी नवऱ्यामुलाच्या मामाची निघाली. मामांचा चेहरा पडला. वर हॉलमध्ये अंगठ्या घालून झाल्या तेव्हा दादा त्या बोल्टखाली पाना लावून होते, आणि त्यांच्या बायकोने त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

या माणसाला मी घाबरलेलं एकदाच पाहिलं. यार्डात एक मोठी डिझेल गाडी उभी होती. आत घ्यायला म्हणून ड्रायव्हरने चालू केली आणि इंजिन आपोआप चढायला लागलं. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी चढतंय. ड्रायव्हरने चावी काढली, तरी बंद होईना. आवाज वाढत वाढत कान फाटायची वेळ आली, मागून पांढऱ्या धुराचे लोट. ऑटोमॅटिक गाडी, त्यामुळे गिअरमध्ये दाबून बंद पाडायची सोय नाही. इंजिन फुटणार हे सगळ्यांना कळलं आणि सगळे गेटकडे पळाले. सगळ्यात पुढे सिक्युरिटीवाला. मी हातात क्लिपबोर्ड धरून तिथेच थिजले. दादा उलटे आले, गाडीकडे. बॉनेट उघडून त्यांनी हवेचा मोठा पाइप उपसला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "पाटी." मी क्लिपबोर्ड दिला. तो त्यांनी पाइपाच्या तोंडावर दाबून धरला. इंजिनाने तो असा ओढून घेतला की मधोमध तडकला, पण हवा तुटली आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. टर्बोतून तेल इंजिनात जाणाऱ्या हवेत मिसळत होतं आणि इंजिन आपलंच तेल पिऊन धावत होतं, मग चावीचा काय संबंध, हे मला नंतर समजावून सांगितलं. तेव्हा मात्र ते माझा फुटका क्लिपबोर्ड एकसारखा पुसत सुटले होते. मग एकदम माझ्यावरच ओरडले, तुम्ही पळाला का नाही म्हणून. मी म्हटलं, माझी चार जॉबकार्डं त्या पाटीवर होती. खोटं होतं ते. पाय हलले नव्हते म्हणून मी थांबले होते.

आता ती गाडी. गेल्या दिवाळीनंतर वाशीच्या प्रभुदेसाईकाकांची डिझेल गाडी टोचन लावून आली. काका कॉलेजातून निवृत्त झालेले, हातात नेहमी बिलांची फाइल, बोलणं मोजकं. गाडी धूर ओकतेय आणि टर्बोभोवती सगळं तेलाने माखलंय. आठ महिन्यांपूर्वीच त्यांचा टर्बो आमच्याकडे बदलला होता. बदलणारा विलास.

विलास खटावकडचा. कामोठ्याला राहतो, दहा वर्षं गाड्यांवर हात चालवतो आहे, बोलायला कमी. तो कंत्राटावर होता. आमच्याकडे काम करून दिलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली की त्याला रिपीट म्हणतात आणि कंत्राटी माणसाच्या नावावर वर्षात तीन रिपीट झाले की त्याने गेटपास जमा करायचा, म्हणजे घरी जायचं. विलासच्या नावावर दोन होते. ही तिसरी. त्या सकाळी तो तीनदा काउंटरवर आला आणि तीनदा एकच विचारलं, "मॅडम, कार्डावर काय लिहिलंत?" मी प्रत्येक वेळी म्हटलं की अजून काही लिहिलेलं नाही.

साहेबांनी मात्र बॉनेट उघडायच्या आधीच ठरवलं होतं. टर्बो विलासने बसवला, टर्बो गळतोय, म्हणजे बसवण्यात चूक. लिहून टाका आणि मोकळे व्हा. दादा तिथेच होते, साहेबांच्या टेबलावरची काच पुसत. ते म्हणाले, "पुसल्याबिगर कसं लिवनार, साहेब?" साहेबांनी दोन दिवस दिले.

नेमकी ती पौर्णिमा होती. दोन दिवस दादांनी स्वतःचं आणि आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं. इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं, पावडर टाकली, फिरवून आणलं. वरचं झाकण कोरडं. वरून येणाऱ्या बारीक नळीचे वॉशर कोरडे. टर्बो मात्र आतून ओला. हवेच्या बाजूलाही आणि धुराच्या बाजूलाही. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता, कारण आता टर्बो गळतोय हे सिद्धच झालं होतं. दादा पुन्हा फेऱ्या मारायला लागले. टर्बो दोन्हीकडून कशाला गळेल? आठ महिन्यांत दोन्ही सील जातील? विलास टॉर्च धरून त्यांच्या मागे मागे, आणि मी दर अर्ध्या तासाने काहीतरी निमित्त काढून बेवर. दुपारी ते मला म्हणाले, "मॅडम, घरात पानी भरलं तर नळाला शिव्या घालून काय होतं? मोरी तुंबली का ते बगायला नको?"

त्यांनी खालची जाड नळी वरच्या जोडाशी सोडली. तो जोड विलासने आठ महिन्यांपूर्वी खोलला होता. जोडात बसवायची चपटी चकती, म्हणजे गॅस्केट, नवीन आणि नीट बसवलेलं, कुठे खोट नाही. मग नळीत वरून तेल ओतलं. तेल भळाभळा जायला हवं होतं. ते थांबलं आणि थेंब थेंब उतरायला लागलं. मग दादा गाडीखाली गेले आणि खालचा जोड खोलला, जिथे नळी इंजिनाला मिळते. टर्बो बदलताना हा जोड खोलावा लागत नाही. खोलल्यावर नळीच्या तोंडात आतून लाल रबराचा एक पापुद्रा लटकत होता. भोक त्याने जवळजवळ झाकलं होतं.

ते लाल रबर म्हणजे ट्यूबमधलं सिलिकॉन. गॅस्केट नसलं की जोडाला ते फासतात. इतर ठिकाणी चालतं. टर्बोच्या तेलाच्या जोडाला ते लावायचं नाही, कारण बोल्ट आवळला की जादाचं आत सरकतं, तिथेच वाळतं आणि वाट अडवतं. ही गोष्ट वर्कशॉपमधल्या प्रत्येक मेकॅनिकला दादांनीच घोकवली होती. विलासने टॉर्च खाली ठेवली. तो म्हणाला, "दादा, मी लाल ट्यूब हातातसुद्धा घेत नाही. तुम्हीच शिकवलंय." दादा पापुद्रा चिमटीत धरून उजेडात बघत राहिले, मग मला म्हणाले, "मॅडम, या गाडीचा जुना रेकॉर्ड काढा. खालचा जोड कोनी खोलला होता?"

मी काउंटरवर आले. गाडीचा नंबर टाकला. टर्बो बदलायच्या सव्वा वर्ष आधीचं एक काम: खालच्या जोडातून किरकोळ गळती, दुरुस्ती. मेकॅनिक, के. घरत.

आणि मला तो दिवस आठवला. शनिवार होता. काका सहकुटुंब कोल्हापूरला निघायचे होते, गाडी चारला देते म्हणून मी शब्द दिला होता. गॅस्केट स्टोअरमध्ये नव्हतं, सोमवारी येणार होतं. दादा म्हणत होते, गाडी सोमवारपर्यंत राहू द्या. मी बेवर जाऊन त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. काहीही करा पण आज द्या, गिऱ्हाईक माझा जीव खातंय, असं मी म्हणाले. एकदा नाही, चारदा. शेवटी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी ड्रॉवरमधून ट्यूब मागून आणली होती. मला तेव्हा ट्यूब आणि गॅस्केट यातला फरकही नीट माहीत नव्हता.

जॉबकार्डाची स्कॅन केलेली प्रत उघडली. खाली दादांचं गिचमिड अक्षर: 'तात्पुरतं केलंय. गॅस्केट आल्यावर गाडी बोलावून बदलणे.' गाडी बोलावणं म्हणजे फोन करणं, आणि फोन करणं माझं काम. मी तो फोन केला नव्हता. विसरले. सोमवारी पंधरा गाड्या आल्या असतील आणि मी विसरले. काकांचा पहिला टर्बो त्यानंतरच गेला, दुसरा आता जात होता, आणि विलासचा गेटपास साहेबांच्या टेबलाच्या कडेवर आला होता.

मी कामांच्या यादीचं पान छापलं. स्कॅन छापली नाही. हे मी जाणूनबुजून केलं. भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

दादांनी ते पान घेतलं आणि उभे राहिले. दोन मिनिटं, पाच मिनिटं, हलले नाहीत. विलास त्यांच्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. मग ते साहेबांच्या केबिनकडे निघाले आणि मी फाइल घेऊन मागे.

साहेबांनी पान वाचलं, पापुद्रा बघितला आणि पहिल्यांदाच माणसासारखे बोलले. दादांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. साहेब म्हणाले, हे असं लिहायची गरज नाही. पार्ट खराब निघाला म्हणून टर्बो कंपनीकडे पाठवू, तुमचं नाव नाही, विलासचं नाही. दादा म्हणाले की कंपनीचा माणूस टर्बो उघडून बघतो. टर्बोत दोष नाही हे त्याला पाच मिनिटांत कळणार, कागद परत येणार, आणि मग ज्याने बसवला त्याचंच नाव लागणार. असं दोनदा झालेलं होतं, हे साहेबांनाही माहीत होतं. दादा म्हणाले, "टर्बो चांगला हाय. विलासनी नीट बसवलाय. मोरी मी तुंबवली. तसंच लिवा."

साहेबांनी विचारलं, "पण दादा, तुम्ही? ट्यूब? का?"

मी फाइल छातीशी धरून उभी होते. आता ते माझ्याकडे बघतील, असं वाटलं. ते साहेबांची काच पुसत म्हणाले, "घाई झाली."

रिपोर्ट तसाच गेला. विलासचा रिपीट खोडला गेला. त्या संध्याकाळी त्याने बेवरच्या सगळ्यांना वडापाव आणले, दादांच्या पाया पडायला गेला तर दादांनी त्याला झापलं की टर्बो बदलताना मोरीत बोट घालून बघायला तुझं काय जात होतं. बरोबरच होतं तेही. पुढच्या आठवड्यात वरून पत्र आलं. दादांना गळतीच्या कामावरून काढलं आणि नव्या गाड्या पुसून शोरूमला पाठवायच्या विभागात टाकलं. नव्या गाडीत शोधायला काहीच नसतं. ते तिथे बारा दिवस राहिले. तेराव्या दिवशी राजीनामा देऊन गेले. माझ्या काउंटरवरून न जाता मागच्या गेटने गेले.

मी विलासला बघायचे आणि मला बरं वाटायचं. मग मला बरं वाटतंय याचाच राग यायचा. जेवण जात नव्हतं. कोणी घाईची गाडी आणली की मी तिचं जॉबकार्ड दोन-दोनदा वाचायचे, आणि नवऱ्याने विचारलं तर मी त्याच्यावर खेकसायचे. एक दिवस स्टोअरमध्ये जुने पार्ट वेचून काढत होते तेव्हा धुळीने भरलेलं एक पाकीट मिळालं. आत एक गॅस्केट, वर चिठ्ठी: प्रभुदेसाई, वाशी. शब्द दिल्याप्रमाणे सोमवारी आलं होतं ते, आणि इतके दिवस तिथेच पडून होतं. मी ते पर्समध्ये टाकलं.

त्या शनिवारी मी काकांच्या सोसायटीत गेले. कागदावर सही घ्यायची आहे असं निमित्त होतं. वॉचमनने कुठून आलात ते विचारलं, मी वर्कशॉपचं नाव सांगितलं, तर म्हणाला, तुमचा माणूस आलाय की आधीच, दर शनिवारी येतो. खाली पार्किंगमध्ये काकांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि गाडीखाली एक मोठा पुठ्ठा अंथरलेला. काकांनी सांगितलं, की दादा दर शनिवारी येऊन पुठ्ठा ठेवून जातात आणि त्यावर तेल पडलंय का ते पुढच्या शनिवारी बघतात. पहिल्यांदा काका वैतागले, नंतर चहा द्यायला लागले. चहाचा कप बॉनेटच्या कडेवर तसाच निवत होता.

दादा गाडीखालून बाहेर आले. वाळले होते. पुठ्ठा ओढून त्यांनी उजेडात धरला, वर, खाली, तिरका. कोरडा होता. काका सही करायला पेन आणतो म्हणून वर गेले आणि आम्ही दोघंच राहिलो. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

"दादा, त्या गॅस्केटचा फोन माझ्याकडून राहिला होता."

"ठावं हाय मना," ते म्हणाले. "कार्डावर मीच लिवलेलं."

"मग तिथे का नाही बोललात?"

ते पुठ्ठ्याची घडी घालायला लागले, ती सुटली, पुन्हा घालायला लागले. "काय बोलायचं? तुमी पन गेल्या असत्या. एका लिकेजपायी किती मानसं घालवायची, मॅडम?"

मला वाटलं होतं ते रागावतील, निदान एकदा तरी. त्याने मला सोपं गेलं असतं. मी पर्स उघडली आणि ते पाकीट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चिठ्ठी वाचली. पाकीट फोडून गॅस्केट बाहेर काढलं, अंगठ्याने त्याची कड तपासली, बरोबर मापाचं आहे म्हणाले. मग विचारलं, हे स्टोअरच्या रजिस्टरमध्ये अजून आहे का? आहे, मी म्हटलं. मागवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे का? आहे.

"मग हे तिकरं परत नेऊ नका," ते म्हणाले, पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं, आणि काका खाली यायच्या आत पुन्हा गाडीखाली गेले.